लाल ठिपक्याच्या पुंगळ्या

मंदारच्या नव्या घरातल्या शोकेसमध्ये, त्याच्या मेडलशेजारी, एक पितळी पुंगळी उभी करून ठेवली आहे. मंदार माझा धाकटा भाऊ. त्याने चिखलोलीला फ्लॅट घेतला, परवा त्याची वास्तुशांत होती. होमाचा धूर डोळ्यांत जायला लागला म्हणून मी बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिले. शोकेसची काच सरकवली आणि पुंगळी हातात घेतली. रायफलीतून गोळी सुटून गेल्यावर मागे जे पितळेचं नळकांडं उरतं, ते हे. बोटभर लांब, बुडाशी जाड, वर उतरता खांदा, आणि खांद्यावर बारीक मान. मानेवर ज्योत लागल्याची निळसर-जांभळी छटा अजून होती. मंदारने ती कधी घासून काढली नाही, एवढं त्याचं बरं. मी सवयीने अंगठ्याचं नख तिच्या तोंडावरून गोल फिरवलं. कुठेही अडकलं नाही. माझ्या हाताचं काम मला न ओळखायला काय झालं?

अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे आमचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्या घरातला रविवार पुंगळ्यांचा असायचा. अप्पा, म्हणजे आमचे वडील, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. तरुणपणापासून ते रायफल क्लबात जायचे. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि ते वापरायचे ती क्लबची रायफल माझ्या खांद्याला लागली. मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते. क्लबाला उडालेल्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरायची परवानगी होती. दारू, बुडाशी बसणाऱ्या ठिणगीच्या टोप्या, गोळ्या सगळं क्लबच्या कुलपात राहायचं आणि भरायचं कामही तिथेच, सेक्रेटरींच्या समोर व्हायचं. आमच्या घरी यायचं ते फक्त रिकामं पितळ, आणि त्याची मान तयार करायचं काम. गोळी त्या मानेतच तर बसते. मान सगळीकडून सारखी धरेल तर गोळी सारखी सुटेल. अप्पा म्हणायचे, "बाळा, नेम आधी मानेत असतो. डोळा नंतर."

आधी आंघोळ. आई पूजेची भांडी घासायची त्याच पातेल्यात कोमट पाणी आणि चिंचेचा कोळ घालून पुंगळ्या सोडायच्या. मीठ अजिबात नाही. मीठ पितळेला खातं, असं म्हणून अप्पा मिठाची बरणीच उचलून दुसऱ्या फळीवर ठेवायचे आणि मग आई आमटी करताना ती शोधत बसायची. चिंचेत जळक्या दारूचा काळा रंग उतरायचा आणि एक आंबूस, धातूचा वास घरभर पसरायचा. त्या वासात कधी एमआयडीसीकडून येणारा केमिकलचा वास मिसळायचा, कधी शेजारच्यांच्या बोंबलाचा. मग गॅलरीत जुन्या पेपरवर पुंगळ्या तोंड खाली करून उभ्या करायच्या आणि उन्हात राखणीला बसायचं. पावसाळ्यात ऊन नसे. तेव्हा त्या आईच्या पोळ्यांच्या तव्यावर, गॅस बंद केल्यावर, उरलेल्या उबेत वाळायच्या. पोळ्यांना पितळेचा वास येतो म्हणून मंदार नाक मुरडायचा. मला कधी आला नाही. किंवा येत असेल, आणि मला तो पोळीचाच वास वाटत असेल.

वाळल्यावर मानेच्या आतून बारीक ब्रश. खर्र, खर्र, प्रत्येकीला सारखे हात. मग खिडकीवर गोधडी टाकून खोली काळोखी करायची, भर दुपारी. हे काम मला सगळ्यात आवडायचं. ज्योतीचा रंग आणि पितळेचा रंग उजेडात कळत नाही, म्हणून काळोख. वारंवार दाबून आणि उडवून पितळ कडक होतं, कडक झालं की मान तडकते. म्हणून तिला ज्योतीवर धरून पुन्हा नरम करायची. पण फक्त मानेला. खालचं अंग नरम पडून चालत नाही, सगळा जोर तेच झेलतं. अप्पा पुंगळीचं बूड दोन बोटांत धरायचे, मान ज्योतीत ठेवून संथपणे फिरवत राहायचे. बोटांना ऊब जाणवली की सोडली पाण्यात. चुर्र. मानेवरून निळी झाक खांद्यापर्यंत उतरलेली असायची. त्यांच्या बोटांवरची कातडी जाड झाली होती म्हणून पुढे पुढे ते माझी बोटं वापरायला लागले. "तुझी कातडी लवकर सांगते," म्हणायचे. मला केवढा अभिमान वाटायचा त्याचा! वर्गातल्या मुली मेंदी काढून यायच्या आणि मी बोटांना चटके मिरवत जायचे.

शेवटी तोंडाची धार काढायची. एक छोटं हातकातर होतं, ते पुंगळीच्या तोंडात घालून हलकेच फिरवलं की पितळेचा बारीक भुगा पडायचा, सोन्यासारखा दिसणारा. मग नख फिरवून बघायचं, कुठे कड राहिली आहे का. त्यासाठी माझ्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. आई नखं कापायला बसली की अप्पा आतून ओरडायचे, "ते सोड, ते कामाचं आहे!"

आणि आता ती एक गोष्ट सांगायला हवी, जिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुंगळी रायफलीत उडते तेव्हा फुगते आणि त्या रायफलीच्या आतल्या मापाची होऊन बसते. दोन रायफली एकाच कारखान्याच्या, एकाच बनावटीच्या असल्या तरी केसभर फरक असतोच. म्हणून जी पुंगळी आपल्या रायफलीत उडाली, ती आपली. तिच्या अंगाला हात लावायचा नाही, नुसती मान आवळून घ्यायची, की ती आपल्या जागी अंगरख्यासारखी बसते. दुसऱ्या रायफलीत घालायची तर सगळं अंग डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, घालून दाबून काढावं लागतं, आणि मग तिचं ते जमलेलं माप गेलं. माझ्या पुंगळ्या ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या बुडाला मी आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे. लाल ठिपका म्हणजे नुसती मान. अप्पांच्या हाताला हे इतकं बसलं होतं की लाल दिसलं की त्यांचा हात आपोआप मानेच्या डायकडे जायचा.

रेंज बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पोटाला होती. उन्हाळ्यात आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन गेटशी बसायच्या. त्यातली एक म्हातारी मला दर वेळी विचारायची, "काय गो पोरी, आज तरी ससा पडला का?" मी नाही म्हटलं की ती शेजारणीला सांगायची, "नुसता कागूदच फोरते ही." मग पळसाच्या पानावर मूठभर करवंदं जास्त टाकायची, बहुधा दया येऊन. करवंदाचा चीक बोटांना चिकटायचा आणि त्याच बोटांना दारूचा वास असायचा. थंडीत सकाळी डोंगरावरून धुकं उतरायचं तेव्हा कागदाचं लक्ष्य दिसायचं नाही आणि आम्ही सगळे डबे मांडीवर घेऊन वाट बघत बसायचो. अप्पा थर्मासमधला चहा झाकणात ओतून आधी मला द्यायचे. तो चहा मला आठवतो. बाकी त्या वर्षांत जगात काय चाललं होतं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही.

मग मंदारही क्लबात यायला लागला. त्याला क्लबची दुसरी रायफल मिळाली. माझ्या रायफलीची जुळी बहीण, पण केसभर फरकाची. त्याला रविवारच्या बैठकीचा कंटाळा होता. पितळ चिंचेत टाकून हा पत्ते खेळायला जायचा, ज्योतीवर धरायचं काम घाईत उरकायचा. त्याच्या पुंगळ्यांच्या माना तडकायला लागल्या यात नवल नव्हतं. बारीक, केसासारखी चीर, खांद्यापासून तोंडापर्यंत. अप्पा ती चीर उजेडात धरून बघायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि काही न बोलता पुंगळी परत डब्यात टाकायचे. माझ्या पुंगळीला अशी चीर असती तर तासभर बोलणी बसली असती. तेव्हा मला वाटायचं, माझ्याकडून त्यांच्या अपेक्षा जास्त आहेत. अजूनही तसंच वाटतं, फक्त आता त्या वाक्याचा अर्थ मला वेगळा लागतो.

राज्याच्या संघाची निवड चाचणी आली. मुलींची आणि मुलांची एकाच दिवशी, एकाच रेंजवर, माझी सकाळी आणि त्याची दुपारी. मला त्या संघात जायचं होतं. इतकं सरळ, इतकं उघड मला आयुष्यात पुन्हा काही हवंसं वाटलं नाही. तीन रविवार मी त्या एका डब्यावर घालवले होते. एकेक मान मोजलेली, एकेक तोंड नखाखालून गेलेलं. आदल्या शनिवारी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं, म्हणून क्लबात जाऊन पुंगळ्या भरून घ्यायचं काम अप्पांनी केलं. "तू अभ्यास कर, बाळा. मी आहे ना," ते म्हणाले.

सकाळी रेंजवर मी डबा उघडला आणि मला नेलपॉलिशचा वास आला.

तो वास मी आजही विसरू शकत नाही, आणि त्याचा अर्थ लागायला मात्र मला बराच वेळ लागला. माझे ठिपके जुने होते, कडा उडालेले, वास कधीच गेलेला. हे ठिपके ओले वाटावेत इतके ताजे, आणि नीटनेटके, टूलरूमच्या हाताने दिलेले. मी पहिली पुंगळी रायफलीत घातली. तिला आत ढकलणारा बोल्ट अर्ध्यावर अडला. काढून दुसरी घातली. तीही अडली. तिसरी कशीबशी बसली, पण निघेना. मी हात वर केला. रेंज ऑफिसर आले, त्यांनी रायफल तपासली, डब्यातल्या आणखी दोन घालून बघितल्या आणि डबा बंद करून बाजूला ठेवला. "या वापरू नकोस. कुणाच्या आहेत या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझ्या." कारण लाल ठिपका होता ना. शेजारच्या जागेवरून गोळ्या सुटत होत्या आणि मी चटईवर पालथी पडून राहिले होते, उठून जायचं हेही सुचत नव्हतं.

दुपारी मंदारने छान नेम मारला. अप्पा त्याच्या मागे दुर्बीण लावून उभे होते. एकेक गोळी सुटली की पुंगळी उडून चटईवर पडत होती, आणि मी जाऊन त्यातली एक उचलली. गरम होती. बुडाला कुणीतरी काहीतरी खरवडून पुसल्याची पांढुरकी खूण होती, आणि खाचेत, जिथे चिंधी पोचत नाही तिथे, लाल रंगाचा एक कण राहिला होता. मी तिच्या तोंडावरून नख फिरवलं. मग मला कळलं.

अप्पांनी माझ्या पुंगळ्या घेतल्या होत्या. ठिपके पुसून, अंग दाबून, त्या मंदारच्या रायफलीच्या करून टाकल्या होत्या. त्याच्या तडकलेल्यांतून बऱ्या निवडून त्यांना लाल ठिपके दिले आणि माझ्या डब्यात भरल्या. आणि इथे त्यांचा हात चुकला. त्या पुंगळ्या मंदारच्या मापाच्या होत्या, माझ्या रायफलीसाठी त्यांचंही अंग दाबायला हवं होतं. पण लाल ठिपका दिसला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हात मानेच्या डायकडे गेला. स्वतःच दिलेल्या खोट्या खुणेला ते स्वतःच फसले. नाहीतर मला कधी कळलंही नसतं. मी थोडा वाईट नेम मारून घरी आले असते आणि दोष माझ्या डोळ्याला दिला असता, आणि अप्पांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझी समजूत घातली असती.

मंदारची संघात निवड झाली, शोकेसमधलं मेडल पुढे त्याच संघातून त्याला मिळालं. संध्याकाळी घरी पेढे आले. आईने दोघांच्या हातावर एकेक ठेवला. "तुझं पुढच्या वर्षी," ती म्हणाली. अप्पा माझ्याकडे बघत होते आणि बघत नव्हतेही. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. पुढचा रविवार आला तेव्हा मी चिंच भिजत घातली नाही. त्यांनीही घातली नाही. काही महिन्यांनी पातेलं पुन्हा निव्वळ पूजेच्या भांड्यांचं झालं आणि मिठाची बरणी आपल्या जागी राहायला लागली. मी अंगठ्याचं नख कापलं. इतक्या साध्या रीतीने ते सगळं संपलं की बाहेरच्या कुणाला कळलंसुद्धा नाही.

चाचणी गेली याचं दुःख मी पचवलं. चाचण्या जातात. पण काळोख्या खोलीत ज्योतीवर माझी बोटं धरणारा माणूस मी समजत होते तो नव्हता, हे मला पचवता आलं नाही. त्यांनी मला फसवलं. मी हे वाक्य कितीदा मनात म्हणून बघितलं आहे, आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढे 'पण' लावायचा मोह होतो. पण ते प्रेमळ होते, पण त्यांनी माझं सगळं केलं, पण त्यांची परिस्थिती. आज मी 'पण' लावणार नाही.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. गोष्ट मात्र वाढत गेली. पहिली काही वर्षं अप्पा पाहुण्यांना सांगायचे, "तेव्हा पुंगळ्यांची जरा अदलाबदल झाली होती." माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्या मंडळींसमोर ते म्हणाले, "भावासाठी आपला डबा सोडणारी पोर आहे ही." सासूबाईंनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं. मी हसले. नवरीने दुसरं काय करायचं असतं? पुढे उल्हासनगरला मंदारने कॅम्प तीनमध्ये जीन्सचा कारखाना टाकला, त्याच्या पूजेला गोष्टीत आणखी भर पडली. आई गेली, तेव्हा तेराव्याला आलेल्या लोकांनाही ती सांगून झाली, मुलं एकमेकांना कशी धरून आहेत याचा दाखला म्हणून. दर वेळी मी त्या गोष्टीत थोडी अधिक थोर होत गेले, आणि दर वेळी मला थोडं अधिक लुबाडल्यासारखं वाटत गेलं.

परवा पूजा आटोपली, पंगती उठल्या. मी पुंगळी जागेवर ठेवून काच लावून घेतली होती. मंदारचे शेजारच्या गाळ्यातले वाधवानी अंकल शोकेससमोर उभे राहून मेडल न्याहाळत होते. "ये किसका है, साहब?" त्यांनी अप्पांना विचारलं. अप्पा खुर्चीत बसले होते, हातात मठ्ठ्याचा ग्लास. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण हा प्रश्न त्यांना बरोबर ऐकू येतो.

"मंदारचं," ते म्हणाले. "पण खरं हिचं म्हणा. ऐन वेळी याच्या पुंगळ्यांच्या माना तडकायला लागल्या. करायचं काय? ही पोर उठली, आपला डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, अप्पा, हा मंदारला द्या. माझं काय, मी पुढच्या वर्षी मारेन."

हे संवाद नवीन होते. आजवर मी गोष्टीत नुसती असायचे, आता मी बोलायलाही लागले होते. आईचं वाक्यही त्यांनी माझ्या तोंडी घातलं होतं.

"वाह! बहन हो तो ऐसी," वाधवानी अंकल म्हणाले आणि त्यांनी मला चक्क हात जोडले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ही माझी हसायची जागा.

"अप्पा, मी डबा दिला नव्हता," मी म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. "तुम्ही घेतलात. मला विचारलंसुद्धा नाहीत. माझे ठिपके पुसलेत आणि त्याच्या पुंगळ्यांवर दिलेत."

"ताई, आज नको ना प्लीज," मंदार हळूच म्हणाला. "पाहुणे आहेत." त्याच्या आवाजात आश्चर्य अजिबात नव्हतं. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं, इतकी सगळी वर्षं, आणि हेही मला परवाच कळलं.

अप्पा ओशाळतील असं मला वाटलं होतं. नाहीतर रागावतील, नाहीतर मला असलं काही आठवतच नाही म्हणतील, तेही मी समजू शकले असते. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ते माझ्याकडे बघून मायेने हसले, लहानपणी गणित चुकलं की हसायचे तसे.

"अगं बाळा, विचारलं असतं तर दिलाच असतास ना?" ते म्हणाले. "मग तेच ते."

आणि ते खरं होतं. त्यांनी त्या शनिवारी मला समोर बसवून मंदारचा तडकलेला डबा दाखवला असता आणि नुसतं माझं नाव घेतलं असतं, तरी मी माझा डबा त्यांच्यापुढे सरकवला असता. रडले असते, आणि दिला असता. आज ते सांगतात ती गोष्ट तेव्हा खरी होऊ शकली असती. ती खरी होऊ दिली नाही ती त्यांनीच.

"दिला असता," मी म्हणाले. "म्हणूनच ते तेच ते नाही, अप्पा."

वाधवानी अंकलना मराठी नीट येतं. ते मेडलकडे पाठ करून खिडकीबाहेर बघायला लागले. अप्पांनी ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला, त्यात मठ्ठा नव्हता. मग त्यांनी मंदारकडे बघितलं, आणि मंदारने माझ्याकडे, मी काहीतरी बोलून वेळ सावरून न्यावी म्हणून. इतकी वर्षं मीच ती सावरत आले होते. मी पर्स उचलली, चपला घातल्या आणि बदलापूरला माझ्या घरी जायची रिक्षा पकडायला खाली उतरले.